नाताळची खिडकी सजवताना या चुका टाळा (आणि आधी एकदा खाली रस्त्यावर जाऊन या)

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की आमच्या नागपूरच्या मोहननगरात माझ्या दारावर टकटक सुरू होते. "मावशी, तारा सारखा पडून राहिला." "काकू, अर्धी माळ लागूनच नाही राहिली." "काचेवरचा गोंद निघून नाही राहिला, घरमालक ओरडून राहिले." चर्चच्या तरुण मुलांसोबत गेली वीस-बावीस वर्षं मी खिडक्या सजवते आहे, स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्याही. पैसे कमी पडले म्हणून खिडकी वाईट दिसली, असं मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. घाई केली म्हणून वाईट दिसली, हे मात्र दर गल्लीत दिसतं. माझ्या खिडकीला गेल्या वर्षी चारशे रुपयांच्या आत खर्च आला. त्यातले निम्मे लाइटच्या माळेचे, आणि ती माळ यंदाही चालणार आहे.

तेव्हा पैशांचं नंतर बघू. आधी चुका.

खिडकी घरात बसून सजवणं

ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

या घरात राहायला आलो त्या पहिल्या डिसेंबरात मी पाच रात्री जागून खिडकी सजवली. जुन्या शुभेच्छापत्रांच्या पुठ्ठ्याच्या घंटा कापल्या, त्यांना पुढून सोनेरी कागद लावला, तळहाताएवढे पंधरा-वीस तारे केले, खिडकीच्या कट्ट्यावर गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडली. सोफ्यावर बसून पाहिलं की डोळे निवायचे. कॅरोलवाली मुलं गिटार आणि ढोलक घेऊन आमच्या गल्लीत आली, शेजारच्या घराखाली गायली आणि आमच्या इमारतीसमोरून सरळ पुढे निघून गेली. मी गॅलरीतून हाका मारल्या तेव्हा त्यांच्यातला एक जण मागे वळला. म्हणाला, "काकू, तुमच्याकडे यंदा काही लावलंच नाही असं वाटलं आम्हाले. इथून काही दिसूनच नाही राहिलं."

शाल गुंडाळून मी खाली गेले आणि पानठेल्यापाशी उभी राहून आमच्या दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. ट्यूबलाइटचा पांढरा चौकोन. त्यात पडद्याचं अस्तर. घंटांची सोनेरी बाजू खोलीकडे होती, रस्त्याकडे होता करडा पुठ्ठा आणि त्यावर सेलोटेपच्या फुल्या. तारे काचेवर बसलेल्या किड्यांसारखे दिसत होते. गव्हाणी तर नव्हतीच. खालून बघणाऱ्याच्या नजरेआड ती कट्ट्यामागे अख्खी लपली होती. पाच रात्रींचं काम आणि रस्त्यावरच्या माणसाला त्यातलं काहीही पोचत नव्हतं. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना ताऱ्याने वाट दाखवली, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या घराचा तारा रस्त्यावरून दिसत नाही, त्या घरापाशी कुणी थांबेल कसं? मला त्या रात्री फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पहिल्या संध्याकाळी मी काहीही सजवत नाही. वर्तमानपत्राचा एक मोठा तारा कात्रीने ओबडधोबड कापते, काचेला तात्पुरता चिकटवते, दिवा लावते आणि खाली जाते. पानठेल्यापाशी उभी राहते, समोरच्या फुटपाथवर जाते, गल्लीच्या तोंडाशी जाते. मग वर येऊन तारा हलवते आणि पुन्हा खाली जाते. तीन-चार फेऱ्या होतात. नव्याने सजवणाऱ्या मुलांना या फेऱ्यांचा भारी कंटाळा. "मोबाइलवर फोटो काढून पाठवतो की कुणीतरी," म्हणतात. फोटोत कॅमेरा उजेड स्वतःच सावरून घेतो, डोळ्याला दिसतं तसं त्यात येत नाही. पाय झिजवा, दुसरा इलाज नाही.

या फेऱ्यांतून मला उमगलं ते सांगते. खालून वर बघणाऱ्याला खिडकीचा वरचा अर्धा भाग दिसतो, खालचा कट्टा आणि छज्जा खाऊन टाकतो. म्हणून मुख्य गोष्ट वरच्या अर्ध्या भागात हवी, आणि काचेला लागून. खोलीत दोन फूट आत टांगलेला तारा खालून निम्मा कापला जातो. तळमजल्याच्या घरातही हेच, कारण समोर कंपाउंडची भिंत असते. आकाराचं म्हणाल तर रस्त्याच्या पलीकडून वीतभर तारा म्हणजे ठिपका. दीड-दोन फुटांचा एकच तारा करा. वीस छोटे करण्यापेक्षा त्याला कागदही कमी लागतो आणि वेळही.

रात्री खोलीत उजेड असला की काचेवरच्या वस्तूचा पुढचा रंग रस्त्यावरून दिसत नाही, दिसते फक्त तिची काळी आकृती. सोनेरी, चंदेरी, चमकी, सगळं काळं. त्यावर पैसे घालू नका. उलट या काळ्या आकृतीचाच उपयोग करून घ्या. माझी दरवर्षीची पद्धत अशी: काचेवर आतून बटर पेपर, त्याच्या आणि काचेच्या मध्ये काळ्या कार्डशीटमधून कापलेलं चित्र, आणि मागे हातभर अंतरावर एकच पिवळसर दिवा. ट्यूबलाइट बंद. बटर पेपरमुळे उजेड सगळीकडे सारखा पसरतो, बल्बचा गोळा दिसत नाही. उंटावरचे तीन राजे (तेच ते पूर्वेकडचे ज्ञानी लोक), वर तारा, खाली टेकडीची एक रेघ, एवढं पुरतं. दिवा काचेच्या फार जवळ ठेवला की मधेच पांढरा डाग पडतो आणि कडा अंधारात जातात. तसं झालं तर दिवा मागे सरकवा, मोठा दिवा आणू नका.

मच्छरदाणीची जाळीही बघा. स्लायडिंगच्या खिडकीत जाळीचं दार ज्या बाजूला असतं तिथून उजेड मंद आणि धुरकट दिसतो. जाळी सरकवून दुसऱ्या बाजूला घ्या आणि मोकळ्या काचेवर काम करा. इतकी साधी गोष्ट, पण दहातली आठ घरं जाळीमागेच तारा लावतात.

आणि कूलर! आपल्या नागपुरात रस्त्याकडच्या चांगल्या खिडकीत कूलर बसवलेला असतो आणि डिसेंबर आला तरी तो तिथेच, चादर गुंडाळून. मग तारा लावायचा कुठे, तर न्हाणीघराच्या बाजूला. दिवाळीच्या सफाईतच कूलर उतरवून घ्या. उतरवता येणारा नसेल तर त्या खिडकीवर हट्ट धरू नका, दुसरी निवडा. चादरीवर माळ गुंडाळलेला कूलर कसाही सजवला तरी कूलरच दिसतो.

वायर खिडकीच्या फटीतून काढणं

इथे मी जरा कडक बोलणार आहे. इथली चूक दिसण्यापुरती नाही, जिवावर बेतणारी आहे.

रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारी स्वस्त एलइडीची माळ बहुतेक वेळा सरळ 230 व्होल्टवर चालते. दिवे एवढुसे, मंद, हाताला गारही लागतात, म्हणून लोकांना वाटतं की हिच्यात काय करंट असणार. पण मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. दिवे एकामागे एक जोडलेले असतात, आणि वायर कुठेही सोलली गेली तर तिथे घरातल्या सॉकेटइतकाच धोका असतो. ही माळ लोक बाहेरच्या ग्रीलला गुंडाळतात, वायर स्लायडिंगच्या फटीतून आत घेतात आणि थंडी वाजते म्हणून खिडकी तिच्यावरच दाबून बंद करतात. रोज रात्री बंद, रोज सकाळी उघडी. ॲल्युमिनियमची कड त्या वायरीवर सुरीसारखी घासत राहते.

आमच्याच इमारतीत, आमच्याच घरी, हे झालं. भाचा सुट्टीला आला होता, अकरावीत होता तेव्हा. माळ त्यानेच लावली होती, हौसेने. चौथ्या-पाचव्या दिवशी भल्या पहाटे, ग्रीलवर दव पडलेलं, तो अनवाणी गॅलरीत गेला आणि वाळत टाकलेला टॉवेल काढायला त्याने ग्रीलला हात लावला. मला फक्त आवाज ऐकू आला. तो मागे कुंड्यांवर फेकला गेला होता, म्हणून वाचला. मूठ आवळून ग्रीलला चिकटला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करू शकत नाही. मेन स्विच बंद करून मग आम्ही माळ सोडवली. फटीत जिथे वायर दबली होती तिथे प्लास्टिकला नखाएवढी चीर पडली होती आणि आतली तांब्याची तार लकाकत होती. खिडकीची चौकट आणि ग्रील एकाच स्क्रूने भिंतीत बसवलेले. रात्रभर अख्ख्या ग्रीलमध्ये करंट उतरलेला आणि आम्ही आत झोपलेलो.

"पण एमसीबी आहे ना आमच्याकडे," असं मला हमखास ऐकवतात. एमसीबी शॉर्टसर्किट झालं किंवा लोड जास्त झाला की पडतो. माणसाच्या अंगातून करंट गेला तर तो पडेलच असं नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, घरासाठी 30 मिलिअँपिअरचा. तुमच्या घरात तो आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनला विचारा, आणि असला तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते बघा.

माझा नियम आता एकच आहे: 230 व्होल्टचं काहीही काचेच्या बाहेर जाणार नाही. बाहेर लावायचंच असेल तर तांब्याच्या बारीक तारेची यूएसबीवरची माळ, जी 5 व्होल्टवर चालते, आणि तिचा चार्जर घरात, कोरड्या जागी. घरात जुना मोबाइल चार्जर पडलेला असतोच. पॉवर बँकेवर लावू नका. माळ इतका कमी करंट घेते की बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून थोड्या वेळाने स्वतःच बंद होतात, आणि मग मला फोन येतो की माळ खराब निघाली. सेलवरची माळ चालते, पण सेल दोन-चार रात्रींत संपतात आणि बजेटचं गणित तिथेच बिघडतं.

प्लग तुटला म्हणून वायरची दोन टोकं सोलून सॉकेटमध्ये आगपेटीच्या काड्यांनी खुपसणारे लोकही मी पाहते. चांगली शिकलेली, नोकरी करणारी माणसं. दोन पिनचा प्लग हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो आणि पाच मिनिटांत बसतो. यावर मी आणखी काही लिहीत नाही, लिहिताना हात थरथरतो.

अर्धी माळ लागते आणि अर्धी नाही, तेव्हा ती फेकू नका. माळेत दिव्यांचे गट असतात. एका गटातला एखादा दिवा सैल झाला किंवा गेला की तो पूर्ण गट विझतो. प्लग काढा, विझलेल्या गटाच्या दोन्ही टोकांचे जोड आधी तपासा, दिवे बदलता येणारे असतील तर एकेक घट्ट बसवा. मुलं काय करतात, प्लग लावलेलाच ठेवून माळ हलवून-हलवून बघतात. तसं नको. आणि लुकलुक मोडवर ठेवू नका. काळ्या आकृतीमागचा उजेड स्थिरच हवा, नाहीतर चित्र डोळ्यात बसत नाही.

सेलोटेप, सक्शनचे हूक आणि बाकी चिकटवाचिकटवी

नागपूरच्या डिसेंबरात दुपारी 28 अंशांच्या आसपास आणि पहाटे 10-12, कधी त्याच्याही खाली. काच दिवसा तापते, रात्री आकसते, पहाटे तिच्यावर दमट थर येतो. 29 डिसेंबर 2018 ला तर शहरात 3.5 अंशांची नोंद झाली होती. त्या सकाळी माझ्या खिडकीवरचे सक्शनचे सगळे हूक कट्ट्यावर पडलेले होते, रबर दगडासारखं कडक. तेव्हापासून सक्शन हूक माझ्या घरात नाहीत.

सेलोटेप लावणाऱ्यांना मी मैद्याची खळ शिकवते. दोन चमचे मैदा, कपभर पाणी, गाठी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, चमच्याला जाडसर लागायला लागलं की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावर ब्रशने पातळ हात. कागद काचेवर बसतो, सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, हलत नाही आणि काढताना ओल्या फडक्याने पाच मिनिटांत काच साफ. दुसऱ्या दिवसासाठी उरवायची नाही, आंबते. सेलोटेपचा जुना गोंद निघत नसेल तर खोबरेल तेल लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सरकवा. ब्लेडने खरवडू नका.

चिकटवण्याआधी काच पुसा, आणि सुकू द्या. हे सांगावं लागतं यातच सगळं आलं. आपल्याकडे पावसाळ्यानंतरची धूळ काचेवर बोटभर बसलेली असते आणि लोक त्या धुळीला तारा चिकटवतात. काम दुपारी करा, काच कोमट आणि कोरडी असते तेव्हा. रात्री अकरा वाजता दव धरलेल्या काचेवर काहीही टिकत नाही.

पतंगी कागद चांगला, पण

रंगीत काचेसारखा तारा हवा असेल तर पतंगी कागदाला तोड नाही. उजेड त्यातून गाळून येतो आणि चर्चच्या काचेची आठवण होते. डिसेंबरात संक्रांतीच्या पतंगांची तयारी सुरू झालेली असते, जुनी शुक्रवारी आणि महालाकडे ताव सहज मिळतात. पण त्यावर पातळ खळ लावली की रंग फुटतो. लाल तर काचेवरून ओघळतो. खळ जाड ठेवा, फक्त काळ्या कार्डाच्या कडेला लावा, कागदाच्या मध्यावर नाही.

दुसरी गोष्ट, दक्षिणेकडची खिडकी. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 45 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं आणि दिवसभर कागदावर पडतं. दहा दिवसांत गुलाबीचा पांढरा होतो. अशा खिडकीत ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांच्या, पहिल्याच रविवारी पतंगी कागद लावून बसू नका. काळी आकृती आधी लावा, रंग 20 तारखेनंतर भरा. टांगायला सद्दी (पतंगाचा साधा सुती दोरा) किंवा शिवणाचा दोरा घ्या. नायलॉनचा मांजा हाताशी आहे म्हणून वापरू नका. बंदी तर आहेच, शिवाय तुकडा खाली पडला की पाखराच्या पायात जातो.

कापसाचा बर्फ

कापूस विदर्भाचा, मायाही त्यावर आपली जास्तच, पण खिडकीत नको. तीन दिवसांत धुळीने करडा होतो आणि दिव्याशेजारी पेट घेऊ शकतो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, तोही विषय संपला. बर्फ हवाच असेल तर पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घाला आणि स्पंजने काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर आतून थोपटा. साबणामुळे नंतर सहज पुसला जातो. पण मनापासून सांगते, बेथलेहेमच्या गोठ्याला बर्फाची गरज नाही आणि नागपूरच्या खिडकीला तर नाहीच.

त्यापेक्षा आपल्या गावाचं जे आहे ते लावा. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात. संत्र्याच्या चकत्या सुकवून खिडकीत टांगल्या की सकाळचं ऊन त्यांच्यातून येतं, आणि प्रत्येक फोड, प्रत्येक शीर वेगळी उजळते. मध्ये पिवळा, कडेला गडद केशरी. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सकाळी चहा घेऊन अर्धा तास खिडकीसमोर बसून राहिले होते.

चुका यातही ठरलेल्या. पिकून सैल झालेलं संत्रं कापलं की साल एकीकडे, फोडी एकीकडे. सालीला चिकटून असलेलं, हाताला टणक लागणारं, थोडं हिरवट फळ घ्या. दात्यांच्या सुरीने अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा, पातळ केल्या तर फाटतात, जाड केल्या तर आतून ओल्या राहतात. फडक्यात दाबून रस टिपून घ्या. ओव्हन असेल तर 100 अंशांवर, उलटत-पालटत, तीन-चार तास. नसेल तर जाळीवर उन्हात पाच-सहा दिवस, वरून मलमलचं फडकं, आणि संध्याकाळ झाली की घरात. ही शेवटची गोष्ट विसरता कामा नये. एकदा मी पन्नास चकत्या गच्चीवरच राहू दिल्या, रात्री दव पडलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर हिरवी बुरशी. मायक्रोवेव्हमध्ये करायच्या भानगडीत पडू नका, कड जळते आणि मध्य कच्चा राहतो, मग मुंग्यांची रांग आणि "काकू, तुमची आयडिया चाललीच नाही." आयडिया चालते. पाच दिवस थांबावं लागतं. त्या टांगायच्या काचेच्या आत, बाहेरच्या ग्रीलवर नाही. तिथे खारी आणि माकडं एका सकाळीत फडशा पाडतात.

छोट्या छोट्या चुका

काचेवर 'मेरी ख्रिसमस' किंवा 'नाताळच्या शुभेच्छा' आतून वाचता येईल असं लिहिणं. रस्त्यावरून ते उलटं दिसतं. कागदावर लिहा, कागद उलटा करून उजेडात धरा, मग गिरवा.

कामट्यांच्या ताऱ्यात जुना पिवळा बल्ब. कागद करपतो. 5 वॉटचा एलइडी पुरतो, आणि तोही कामटीला टेकता कामा नये.

ओल्या बांबूच्या कामट्या. दहा कामट्यांचे दोन पाचकोनी तारे बांधून मध्ये पाच आधार घालता तुम्ही, आणि आठवड्यात बांबू सुकून तारा पिळवटतो. कामट्या आणून चार दिवस सावलीत ठेवा, मग बांधा.

पडद्याजवळ मेणबत्ती. नाही म्हणजे नाही.

24 तारखेला खरेदीला निघणं. सदरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, चांगलं संपलेलं असतं आणि जे उरतं ते दुप्पट भावाने. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असलं तर सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवलेले असतात, त्यात तास जातो. माळा मी दिवाळी झाल्याच्या आठवड्यात घेते, तेव्हा दुकानदारालाच त्या काढायच्या असतात. दुकानातच लावून बघायच्या, पूर्ण उलगडून.

गव्हाणी खिडकीत मांडत असाल तर

कट्ट्यावर नको, हे वर सांगितलंच. मी दोन स्टीलच्या डब्यांवर फळी टाकून तिला उंच करते आणि वर गोणपाट पसरते. गवत म्हणून कूलरच्या जुन्या टट्ट्यांमधलं वुडवूल (लाकडाचे गवतासारखे बारीक तंतू) वापरायची टूम आपल्याकडे निघाली आहे, फुकट मिळतं म्हणून. दोन उन्हाळे पाणी पिऊन वाळलेलं ते गवत ठिणगीची वाट बघत असतं, धूळ आणि क्षार वेगळेच. धानाची तणस घ्या. भंडाऱ्या-गोंदियाकडून कुणी ना कुणी या दिवसांत येतच असतं, मूठभर पुरते. तीही पेटतेच, म्हणून गव्हाणीत दिवा ठेवायचाच नाही. उजेड मागून, हातभर लांबून.

बाळ येशूची मूर्ती पहिल्या दिवशीच ठेवून देतात, ते मला पटत नाही. आमच्याकडे गव्हाण 24 च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. मिसाहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आलो की घरातलं सगळ्यात लहान लेकरू मूर्ती ठेवतं, झोपेने पेंगत का होईना. तीन राजे त्या दिवशी खिडकीच्या पार दुसऱ्या टोकाला असतात. काळ्या कार्डाचे आहेत, मागे खळीचा एक ठिपका. रोज रात्री मी त्यांना ओल्या बोटाने सोडवून चार बोटं पुढे सरकवते. गल्लीतली पोट्टी आता ते मोजतात. "मावशी, आज सरकवले नाहीत तुम्ही," म्हणून एका संध्याकाळी मला खालून हाक आली होती.

6 जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवायचं. फेब्रुवारीपर्यंत लोंबकळणारी सजावट मला बघवत नाही. काळी कार्डं वर्तमानपत्रात सपाट ठेवून गादीखाली, माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून, वायरला गाठ न मारता. संत्र्याच्या चकत्या काळपट झालेल्या असतात, त्या कुंडीत. उरलेले पतंगी ताव मी खालच्या मुलांना देऊन टाकते, संक्रांत आठवड्यावर आलेली असते.